दूरचित्रवाणी केंद्रातील उमेदवारी

दहावीची परीक्षा आटोपल्यावर पुढे काय करणार, असे आम्ही वर्गात विचारले म्हणजे अलीकडे दोन-तीन हात तरी असे वर होतात, की ज्यांच्या धन्यांस ‘टीव्हीवर’ जावयाचे असते. ही इच्छा मुळीच वाईट नाही. परंतु टीव्हीवर जाणे म्हणजे नेमके काय, असे पुढे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते. हातात बूम धरून गर्दीत उभे राहणे, नाही तर झगझगीत प्रकाशात बसून बातम्या सांगणे. पालकांचे म्हणणे याच्या अगदी उलट असते. कित्येकांस तो केवळ झगमगाटाचा व बेभरवशाचा धंदा वाटतो, आणि मुलीने त्याचे नाव काढले तर घरात दोन दिवस अबोला राहतो. मुलांचे स्वप्न आणि पालकांची धास्ती या दोहोंचे मूळ एकच आहे. पडद्यामागे काय चालते, हे उभयतांसही ठाऊक नसते. सबब, महाविद्यालयात शिकणारी मुले ज्या वाटेने या केंद्रांत प्रथम पाऊल टाकतात, त्या वाटेची माहिती येथे देण्याचे आम्ही योजिले आहे. तिला हल्ली ‘इंटर्नशिप’ म्हणतात. आपल्या भाषेत तिला जुना व नेमका शब्द आहे, तो उमेदवारी हा होय.

आज उमेदवार म्हटला की निवडणुकीस उभा राहिलेला गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. परंतु पूर्वी कचेरीत किंवा कारखान्यात, पुढे कायम जागा मिळेल या उमेदीवर, अल्प वेतनावर अथवा विनावेतन काम शिकणारा तरुण, तो उमेदवार. मराठी मुद्रणाच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे. जावजी दादाजी चौधरी यांनी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहान वयात टाईप घासण्याच्या कामापासून आरंभ केला. त्याच हातांनी पुढे १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला, आणि त्या छापखान्याचे सुबक टाईप साऱ्या देशात नावाजले गेले. टाईप घासता घासता त्यांनी अक्षर ओळखण्यास शिकून घेतले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दूरचित्रवाणीच्या बाबतीतही आरंभ शिकाऊपणानेच झाला. आपल्या देशात हिचे पहिले प्रायोगिक प्रक्षेपण दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाले. त्या पहिल्या काळात तेथे काम करणाऱ्यांत आपले पु. ल. देशपांडे होते. लेखक व नाटककार म्हणून त्यांचे नाव झालेले होते. तरीही लंडन येथील बी.बी.सी. या संस्थेत हे नवे तंत्र शिकावयास जाण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. त्यांचे ‘अपूर्वाई’ हे प्रवासवर्णन त्याच काळाचे फळ आहे. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. स्मिता पाटील यांनी चित्रपटात नाव मिळविण्यापूर्वी या केंद्रावरून मराठी बातम्या वाचल्या होत्या. १९७६ साली दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. पुढे खासगी वाहिन्या आल्या, आणि २००७ साली ‘झी २४ तास’ व ‘स्टार माझा’ या मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या. यांपैकी दुसरीचे नाव २०१२ पासून ‘एबीपी माझा’ असे आहे. बातम्या पूर्वी ठरलेल्या वेळी येत. त्या आता अष्टौप्रहर येऊ लागल्या. अर्थात कामास हात अधिक लागू लागले, आणि उमेदवारांस दार उघडले.

या दारातून आत जाण्याची रीत साधी आहे. पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग, तसेच ठिकठिकाणची महाविद्यालये यांत हा विषय शिकविला जातो. अभ्यासक्रमाच्या अखेरीस किंवा सुटीत, महाविद्यालयाचे पत्र घेऊन विद्यार्थी एखाद्या केंद्राकडे अर्ज करतो. बहुधा एक ते तीन महिने तेथे काम करून अखेरीस प्रमाणपत्र मिळवितो.

आता आत काय असते ते पाहू. आमच्या शाळेतून गेलेल्या काही विद्यार्थ्यांनी असे महिने काढले आहेत, आणि त्यांच्याकडून जे ऐकले त्याच्या आधारे आम्ही हे लिहीत आहोत.

काम पाळ्यांनी चालते. पहाटेची पाळी असेल तर उमेदवारास गाव झोपेत असताना लोकल गाठावी लागते. जिल्ह्याजिल्ह्यांतून वार्ताहर चित्रे पाठवितात. ती आली म्हणजे उमेदवार कानाला यंत्र लावून एकेक चित्रफीत पाहतो व कागदावर टिपतो, की कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला कोण काय बोलले. आपल्याकडील पद्धतीत एका सेकंदात पंचवीस चित्रे सरकतात, आणि प्रत्येक चित्रास क्रमांक असतो. माणसाच्या बोलण्याच्या तुकड्यास तेथील मंडळी ‘बाईट’ म्हणतात. एखाद्या पुढाऱ्याचे वीस मिनिटांचे भाषण शब्दशः उतरवून काढावे, आणि त्यातील पंधरा सेकंद तेवढी बातमीत जावीत, हा तेथील नित्याचा अनुभव होय. मग कोणी मजकूर लिहितो, कोणी तो तपासतो, कोणी त्यास आवाज देतो, कोणी चित्रे जुळवितो, कोणी पडद्याखालची पट्टी तयार करतो. अखेरीस हे सर्व एका काचेच्या खोलीत येते. तेथे भिंतभर पडदे असतात, आणि निर्माता, दिग्दर्शक व ध्वनी सांभाळणारा हे शेजारी शेजारी बसतात. निवेदक ज्या काचेकडे पाहून वाचतो, तिच्यावर अक्षरे पुढे सरकविणारा मनुष्यही वेगळाच असतो. प्रेक्षकांस एकच चेहरा दिसतो. त्यामागे राबणारे कितीएक असतात.

आमचा एक माजी विद्यार्थी मुंबईच्या एका वाहिनीत राहिला होता. त्याचे वडील दूरध्वनीवर रोज विचारीत, “आज दिसणार का रे?” तो म्हणे, “आज नाही, बाबा.” दोन महिन्यांत तो पडद्यावर एकदाही दिसला नाही. परंतु एके दिवशी त्याच्या हातून जे घडले, ते आम्हांस पडद्यावर दिसण्याहून मोठे वाटते. शिरूर येथील एक वृत्त पट्टीवर जावयाचे होते, आणि सोबतच्या नकाशात पुणे जिल्ह्यातील शिरूरवर खूण केली होती. मजकुरात सिंदफणा नदीचा उल्लेख त्याने पाहिला. तो भीत भीत वरिष्ठांकडे गेला व म्हणाला, “सर, हे पुण्याचे शिरूर नव्हे. हे आमचे शिरूर कासार आहे.” क्षणात नकाशा बदलला. कोणी शाबासकी दिली नाही. कोणास तेवढा वेळही नव्हता. महाराष्ट्रात शिरूर एक नाही. लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. आष्टी आपल्या जिल्ह्यात आहे, तशी वर्धा जिल्ह्यातही आहे. ज्याने आपला तालुका पायांनी ओळखला आहे, त्याचेच डोळे अशा ठिकाणी थबकतात.

दुसरे उदाहरण एका विद्यार्थिनीचे आहे. ऊसतोडीवर तयार होणाऱ्या वृत्तात मजकूर असा होता, की जिल्ह्यातून हजारो कोयते घेऊन मजूर निघाले. तिने सांगितले की, आमच्याकडे कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवरा व बायको मिळून एक कोयता होतो, आणि एकटा मनुष्य असेल तर त्यास अर्धा कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती या हिशेबाने देतो. लिहिणाऱ्याचा डोळा या एका शब्दाने उघडला, कारण बायकोच्या कष्टाची मोजणी स्वतंत्र होतच नाही, ही गोष्ट त्या शब्दातच दडलेली होती. आमच्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. ही मुले वाहिन्यांवर आपला जिल्हा पाहतात, तो बहुधा भेगाळलेल्या जमिनीचा व रिकाम्या हंड्यांचा. तो देखावा खोटा नाही. परंतु तेवढाच बीड जिल्हा नव्हे. जोवर आतल्या माणसाने सांगितले नाही, तोवर बाहेरच्यास तेवढेच दिसणार.

या कामात सचोटीची परीक्षा पावलोपावली होते, हे पालकांनी अवश्य जाणावे. जुने चित्र वापरावयाचे झाल्यास त्यावर ‘संग्रहित’ असे लिहिणे योग्य. घाईत तो शब्द गाळला, तर गतवर्षीचा दुष्काळ आजचा म्हणून लोकांपुढे जातो. तसेच २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ अन्वये, अपराधात सापडलेल्या किंवा अपराधास बळी पडलेल्या बालकाचे नाव, चित्र वा शाळा प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. त्या बालकाचा चेहरा अस्पष्ट करण्याचे काम पुष्कळदा उमेदवाराकडे येते. एका चित्रात जरी चेहरा उघडा राहिला, तरी एका लेकराचे गावात राहणे कठीण होऊन बसेल. ज्या कामाकडे कोणी पाहत नाही, ते काम असे जोखमीचे असते.

आता खर्चाविषयी, कारण खरी अडचण येथे आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार होऊन जो शिकाऊ उमेदवार नेमला जातो, त्यास विद्यावेतन मिळते. महाविद्यालयीन विद्यार्थ्याची उमेदवारी बहुधा या करारात बसत नाही. पुष्कळ ठिकाणी तीत काहीच मिळत नाही. कोठे प्रवासखर्चापुरते मिळते. मुंबईत ज्याचे घर आहे त्यास हे परवडते. परंतु केज किंवा धारूरच्या मुलास खोलीचे भाडे, खानावळ व लोकलचा पास हे सारे पदरचे घालून फुकट राबावे लागते. ही व्यवस्था न्यायाची आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्यांच्या अनुभवाची त्या केंद्रांस सर्वांत अधिक गरज आहे, त्यांनाच ती दाराबाहेर ठेवते. म्हणून आम्ही असे सुचवितो की, अर्ज करण्यापूर्वीच विद्यावेतन आहे किंवा नाही हे स्पष्ट विचारावे; त्यात लाज कसली? कालावधी, पाळ्या व कामाचे स्वरूप लेखी घ्यावे. मुलींच्या पालकांनी रात्रपाळी आहे काय व घरी पोचविण्याची सोय आहे काय, हेही विचारावे. प्रमाणपत्रासाठी किंवा जागेसाठी कोणी पैसे मागितले, तर ते ठिकाण सोडून द्यावे. कर्ज काढून मात्र कोणी जाऊ नये. बीड येथे आकाशवाणीचे केंद्र आहे, स्थानिक वृत्तपत्रे आहेत. आरंभ तेथून करता येतो.

आणि तयारी तर आजपासूनच करता येईल. घड्याळ लावून एका मिनिटात वर्तमानपत्रातील किती ओळी स्पष्ट वाचता येतात, ते पाहावे. आजोबांची दहा मिनिटे मुलाखत घ्यावी, ती शब्दशः उतरवावी, आणि तीतील कोणती पंधरा सेकंदे ठेवाल हे ठरवावे. उरलेले टाकताना आजोबांच्या बोलण्याचा अर्थ बदलला काय, हे त्यांनाच वाचून दाखवून विचारावे. आपल्या तालुक्यातील गावे, नद्या व धरणे पाठ असावीत. प्रमाण मराठी शुद्ध लिहिता यावे, परंतु घरच्या बोलीची लाज धरू नये. ती बोली विसरलेल्या मनुष्यास कोयत्याचा अर्थ कोण सांगणार?

परदेशी निघालेल्या धन्याने आपले द्रव्य चाकरांच्या स्वाधीन केल्याचा दाखला प्रभूने सांगितला आहे. त्यातील एका चाकराने आपला वाटा भिऊन जमिनीत पुरून ठेवला. आमच्या मुलांपाशी मुंबईचे घर नाही, ओळखी नाहीत. त्यांच्यापाशी जे आहे, ते या मातीचे ज्ञान आहे. ते त्यांनी पुरून ठेवू नये, एवढेच आमचे मागणे आहे. त्या माजी विद्यार्थ्याचे वडील गेल्या नाताळात भेटले. मुलगा पडद्यावर दिसला नाही याची हळहळ त्यांच्या मनातून गेली नव्हती. आम्ही त्यांस नकाशाची हकीकत सांगितली. ती मुलाने घरी सांगितलीच नव्हती. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “म्हंजी आपलं शिरूर त्यानं वाचिवलं म्हणा की!”