डेकॅल, पांढरे

पाण्यात भिजविल्यावर आधार-कागदावरून सुटणारा व दुसऱ्या पृष्ठभागावर सरकवून बसविता येणारा पातळ छापील पापुद्रा म्हणजे डेकॅल. रेल्वेच्या लहान प्रतिकृतींवर क्रमांक, नावे व चिन्हे उमटविण्यासाठी त्याचा उपयोग करतात. गडद रंगाच्या डब्यावर बसवावयाची पांढरी अक्षरे घरगुती प्रिंटरवर छापणे, ही या छंदातील विशेष अवघड बाब होय.

गरज : भारतीय मालडब्यांच्या तांबूस वा हिरवट पृष्ठभागावर विभागीय रेल्वेची आद्याक्षरे, प्रकारसंकेत, रिकाम्या डब्याचे वजन इ. माहिती पांढऱ्या अक्षरांत रंगविलेली असते. प्रचलित पद्धतीत डब्याचा क्रमांक अकरा अंकी असून त्यातील पहिले दोन अंक डब्याचा प्रकार, पुढील दोन मालक रेल्वे व त्यापुढील दोन बांधणीचे वर्ष दर्शवितात. नंतर चार अंकी अनुक्रमांक व अखेरीस पडताळणीचा अंक येतो. वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या कोळशाच्या मालगाडीची प्रतिकृती करावयाची, तर प्रत्येक डब्यास स्वतंत्र क्रमांक लागतो. परदेशी बनावटीच्या तयार तावांवर अशी देवनागरी अक्षरे क्वचितच मिळतात. म्हणून ती स्वतः आखून छापावी लागतात.

रचना : आधार-कागदावर डेक्स्ट्रिनासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर पारदर्शक रोगणाचा पापुद्रा व त्यावर छपाई, अशी डेकॅलची रचना असते. भिजविल्यावर डिंक विरघळतो आणि पापुद्रा सुटतो.

पांढऱ्या रंगाची अडचण : नेहमीच्या रंगीत छपाईत निळा, किरमिजी, पिवळा व काळा हे चारच रंग वापरतात, पांढरेपणा कागदच पुरवितो. पारदर्शक पापुद्र्यामागे कागद राहत नसल्याने तेथे अपारदर्शक पांढरे रंगद्रव्यच लागते. हे बहुधा टिटॅनियम डाय-ऑक्साइड असते. ते जड असल्यामुळे शाईत खाली बसते व शाईफवारा (इंकजेट) प्रिंटरची सूक्ष्म छिद्रे बुजविते.

पद्धती : (१) पांढऱ्या टोनरची छपाई : लेसर प्रिंटरमध्ये काळ्याऐवजी पांढरा टोनर वापरतात. टोनर उष्णतेने वितळवून पक्का केला जात असल्याने खास लेसरसाठी केलेला डेकॅल-कागदच वापरावा लागतो. अन्यथा पापुद्रा वितळून यंत्र बिघडते. (२) औष्णिक फीत : जपानच्या आल्प्स कंपनीच्या प्रिंटरमध्ये मेणयुक्त पांढरी फीत तापवून रंग उतरविला जाई. छंदिष्टांत ही यंत्रे लोकप्रिय होती. आता त्यांचे उत्पादन होत नाही. (३) उलट छपाई : पांढरा पापुद्रा असलेल्या कागदावर डब्याच्या रंगाची पार्श्वभूमी छापून अक्षरांची जागा कोरी ठेवतात. यास साधा प्रिंटर पुरतो. मात्र डब्याचा रंग तंतोतंत जुळवावा लागतो व कापलेली पांढरी कड रंगवावी लागते. शाईफवाऱ्याची छपाई पाण्यात पसरत असल्याने तिच्यावर आधी रोगण फवारतात. (४) जाळीमुद्रण (स्क्रीन प्रिंटिंग) : लग्नपत्रिका छापणाऱ्या कारागिराकडून पारदर्शक डेकॅल-कागदावर अपारदर्शक पांढरी शाई उमटवून घेता येते. वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेसारख्या ठिकाणी, जेथे खास टोनर मिळणे कठीण, तेथे हा मार्ग सोयीचा ठरतो. तथापि एकाच मजकुराच्या अनेक प्रती हव्या असतील तरच तो परवडतो.

अक्षरांचे प्रमाण : एचओ प्रमाणात (१ : ८७) १० सेंमी. उंचीचे अक्षर सुमारे १·१५ मिमी. व त्यातील १·५ सेंमी. जाडीची रेघ ०·१७ मिमी. होते. एका इंचात ६०० ठिपके उमटविणारा प्रिंटर ही रेघ जेमतेम चार ठिपक्यांत काढतो. एन प्रमाणात (१ : १६०) दोनच ठिपके उरतात. त्यामुळे अनुस्वार व मात्रा एकमेकींत मिसळतात. टोनर पसरून अक्षर जाड होते, म्हणून मूळ रेघ किंचित बारीक आखतात. उलट छपाईत शाई अक्षरात शिरून ते बारीक होते, म्हणून रेघ जाड ठेवतात.

बसविण्याची कृती : डब्यावर प्रथम चकचकीत रोगण देतात. खडबडीत पृष्ठभागावर पापुद्र्याखाली हवा अडकून रुपेरी झाक दिसते. कापलेले डेकॅल कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून कुंचल्याने जागेवर सरकवितात, पाणी टिपतात व मृदुकारी द्रावाने ते खाचाखोचांत बसवितात. वाळल्यावर निस्तेज रोगणाचा हात देतात.

महत्त्व : पुण्यात कोथरूड येथे १९९८ पासून असलेल्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयामुळे या छंदाची महाराष्ट्रात अनेकांना ओळख झाली. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव–आर्वी हा ७६२ मिमी. रुंदीचा लोहमार्ग आता बंद आहे. १ : ८७ प्रमाणात ही रुंदी ८·७६ मिमी. भरते, त्यामुळे एन प्रमाणाच्या गाड्यांसाठी मिळणारा ९ मिमी. रुंदीचा तयार रूळ तिच्यासाठी चालतो. रूळ असा विकत मिळतो, अक्षरे मात्र मिळत नाहीत. डबे भंगारात गेले की त्यांवरील लेखनही जाते. जुनी छायाचित्रे व मोजमापे यांच्या आधारे, कोणत्या वर्षाचे लेखन आहे ते नोंदवून केलेले डेकॅल हे म्हणूनच केवळ सजावट न राहता नष्ट झालेल्या गाडीची नोंद ठरते.