पावसाळा नसलेली मराठेशाही

व्हिडिओ गेममधलं वातावरण चित्रांनी आणि संगीताने उभं राहतं, असं सहसा मानलं जातं. २०११ सालचा ‘टोटल वॉर: शोगुन २’ बारकाईने पाहिला तर हे म्हणणं अपुरं वाटू लागतं. सोळाव्या शतकातल्या जपानमधल्या एका सरदार घराण्याची सूत्रं हाती घ्यायची आणि शेजाऱ्यांना नमवत क्योतो गाठायचं, असा हा डावपेचांचा खेळ. न पाहिलेला मुलूख त्यात जुन्या, हाताने काढलेल्या नकाशासारखा दिसतो. तुकड्यांची चित्रं लाकडी ठशांच्या शैलीतली. सुरेखच आहे ते. पण ही ठसेचित्रं बहरली ती त्या लढाया संपून गेल्यावर, एदो काळात. म्हणजे काटेकोर हिशेबात ही सजावट काळाशी जुळत नाही, तरीही गेम खरा वाटतो. माझ्या मते त्याचं श्रेय त्याच्या पंचांगाला आहे. एक चाल म्हणजे एक ऋतू, वर्षाला चार चाली. हिवाळ्यात परमुलखात अडकलेल्या फौजेतली माणसं लढाईवाचूनच कमी होत जातात, म्हणून पानगळ सुरू झाली की पुढे रेटायचं की माघारी वळायचं, हे ठरवावंच लागतं.

याच क्रिएटिव्ह असेंब्ली कंपनीने दोन वर्षं आधी, २००९ मध्ये, ‘एम्पायर: टोटल वॉर’ काढला होता. त्यात मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं. सुरुवात १७०० सालची; राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला, तेच हे वर्ष. पण इथे वर्षाला दोनच चाली, उन्हाळा आणि हिवाळा. पावसाळा नाहीच! युरोपच्या हवामानावर बेतलेलं वर्ष मराठ्यांना जसंच्या तसं चढवलं, की पोशाख आणि झेंडे कितीही नेमके काढा, मुलूख परकाच राहतो.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर इतिहास पावसाच्या तालावरच चालला. हर्णैसमोरच्या बेटावरचा सुवर्णदुर्ग घ्या. महादरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेलं, तटाच्या भिंतीत मारुती, आणि भोवती समुद्र. गुराबा आणि गलबतं इथून शिकारीला निघत ती मोसमातच. पावसाळ्यात ती किल्ल्याच्या आश्रयाने बंदरात ठेवावी लागत. ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर जेम्सने मराठा आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांकडून हा दुर्ग घेतला तो एप्रिल १७५५ मध्ये, आणि आंग्र्यांच्याच विजयदुर्गावरचा मोठा हल्ला झाला फेब्रुवारी १७५६ मध्ये. मधे एक अख्खा पावसाळा गेला. ‘शोगुन’मध्ये हिवाळ्याने जे केलं, ते इथे पावसाळ्याने करावं: एप्रिलच्या चालीत खेळाडूला धाकधूक वाटायला हवी.

यावर कोणी म्हणेल, समुद्र चार महिने बंद ठेवला तर खेळणारा कंटाळेल. पण बंद समुद्र म्हणजे रिकामा वेळ नव्हे. नारळी पौर्णिमेपर्यंत तारवं डागडुजी करून सज्ज करायची, कोठारं भरायची, दसऱ्यानंतरच्या मोहिमेसाठी फौज जुळवायची, आणि हे सगळं तुटपुंज्या खजिन्यात. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाबद्दलचा हुकूम आहे: रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं तिने लेकरांसारखी वाढवलेली असतात, अगदीच जीर्ण झालेलं झाड घ्यायचं, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन. गेम रचणाऱ्याला याहून चांगला नियम कुठून सुचणार? लाकूड हिसकावलं तर जहाज लवकर तयार होईल, पण गाव उलटेल. या एका निर्णयातून कोकण जेवढं कळेल, तेवढं माडांच्या रांगा काढून कळणार नाही.

दुसरा आक्षेप असा, की हे काम इथल्याच माणसांनी करावं. जपानमधल्या कोएई कंपनीने १९८३ मध्येच सोळाव्या शतकातला सरदार ओदा नोबुनागा याच्यावरचा खेळ काढला होता, हे खरं. पण ‘शोगुन २’ इंग्लंडमध्ये तयार झाला. त्या प्रदेशाचं वर्ष कसं सरतं, हे समजून घेण्याची तयारी तेवढी हवी. आपल्याकडे पुण्या-मुंबईत गेम बनवणारी मंडळी आहेतच, आणि ‘आज्ञापत्र’ त्यांना मराठीतच वाचता येतं.