सायकल-मार्ग कोणाचा?

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या वेळी रात्री दिव्यावाचून सायकल हाकणारास पोलीस हटकीत, आणि ते रास्तच होते. आज सायकली विरळ झाल्या, मोटारी वाढल्या. परंतु तो धाक मोटारवाल्यांच्या वाट्यास आलेला दिसत नाही. सायकल-मार्गावर मोटार घालू नये, ही मनाई १९८९ सालच्या रहदारीच्या नियमांत होती. २०१७ साली ते नव्याने लिहिले गेले, तेव्हाही ती कायम राहिली. असे असता त्या मार्गांवर मोटारी उभ्या असतात, आणि (आमच्या व्यापारी वाचकांनी राग मानू नये) दुकानात माल उतरविणारा टेंपोही तेथेच थांबतो. मग कामावर निघालेल्या गवंड्याने सायकल भर रहदारीत घालावी, आणि मागच्या मोटारवाल्याने भोंगा वाजवून त्यालाच दटावावे! जर्मनीत २०२० पासून शहरात सायकलस्वारास ओलांडताना निदान दीड मीटर अंतर राखणे सक्तीचे आहे. येथे वीतभर अंतर सुटले, तरी तो गवंडी देवाचे आभार मानतो. पोलिसांनी प्रथम या मार्गांवरील वाहने उचलावीत; आणि दुकानदारांनी आपला टेंपो उद्यापासून अन्यत्र उभा करावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.