थॅकरी आणि ठाकरे : दोन आडनावांची गोष्ट

सापगावचा माणूस सापगावातच राहिला, तर त्याला कोणी सापगावकर म्हणायचे नाही. तिथे सगळेच सापगावचे. मग त्या नावाने ओळख ती कोणाची पटायची? पण तोच पोटापाण्यासाठी कल्याणला जाऊन राहिला, की शेजारी विचारतात, "हे कुठले हो?" "सापगावचे." झाले! एक-दोन पिढ्यांत घराला ‘सापगावकर’ चिकटते. गावाचे आडनाव बहुधा गाव सोडल्यावर मिळते, ही गोष्ट आधी ध्यानात घ्या.

ही रीत आपल्याच मुलखातली आहे, असे मात्र समजू नका. इंग्लंडातही पुष्कळ आडनावे अशीच पडली. त्यांतले एक आपल्या कानाला ओळखीचे वाटेल. ते म्हणजे थॅकरी.

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर नावाचा परगणा आहे. सन 866 मध्ये समुद्रापलीकडून आलेल्या डेन लोकांनी यॉर्क शहर घेतले. पुढे त्यांच्यातले अनेकजण तिथेच नांगर धरून राहिले. त्यांच्या बोलीत ‘थाक’ म्हणजे छपरावर घालायचे गवत, लव्हाळा; आणि ‘व्रा’ म्हणजे कोपरा. जिथे असे गवत माजते त्या कोपऱ्यातल्या वस्तीचे नाव पडले थॅक्रे. तिथून बाहेर पडलेली माणसे झाली थॅक्रे, थॅकरी. पावसाळ्याच्या तोंडी घर शाकारायचे म्हणजे काय, हे शहापूर-मुरबाडच्या माणसाला समजावून सांगायला नको! गंमत अशी, की ‘झाकणे’ या अर्थाचा संस्कृतातला ‘स्थग्’ धातू आणि हा ‘थाक’ शब्द एकाच मुळातून निघाले आहेत, असे भाषाशास्त्राचे जाणकार सांगतात.

या आडनावाचा सर्वांत नावाजलेला माणूस म्हणजे कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरी. त्याचा जन्म 1811 साली आपल्या कलकत्त्याचा. बाप ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. 1847-48 मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ ही त्याची कादंबरी हप्त्याहप्त्याने निघाली आणि त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. 1863 साली तो वारला.

आता पनवेलला येऊ. तिथे 1885 साली केशव सीताराम ठाकरे जन्मले. हेच पुढे ‘प्रबोधन’ पत्राचे संपादक म्हणून प्रबोधनकार झाले. घराण्यात सांगत आलेली हकीकत अशी : पूर्वज धोडप किल्ल्याचे किल्लेदार, म्हणून आजोबा धोडपकर. घर पनवेलला स्थिरावले, म्हणून वडील पनवेलकर. मुलाला शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा वडिलांनी जुने आडनाव पुन्हा काढले आणि ‘ठाकरे’ लिहवले. पाहा, तीन पिढ्यांत तीन आडनावे! शाळेत लिहिले गेले ते मात्र कायम झाले.

प्रबोधनकारांना थॅकरीचे लेखन फार आवडे. म्हणून त्यांनी आपले आडनाव इंग्रजीत लिहिताना त्या कादंबरीकाराचेच स्पेलिंग उचलले, असे सांगतात. एरवी ‘ठाकरे’ला टी-एच-ए-के-आर-ई एवढी अक्षरे पुरली असती, ते लिहितात टी-एच-ए-सी-के-ई-आर-ए-वाय. गुरुजी, एखाद्या मुलाने विचारले, की ठाकरे आणि थॅकरी एकाच कुळातले का, तर त्याला सांगा : नाही रे बाबा. नाते आहे ते फक्त स्पेलिंगचे. नावे सारखी दिसली म्हणून वंश एक होत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. यॉर्कशायरमधली ती थॅक्रेची वस्ती आज कोठे आहे? पाण्याखाली! लीड्स शहराला पाणी हवे होते. म्हणून वॉशबर्न नदीच्या खोऱ्यात तलाव बांधले. त्यांतल्या फ्यूस्टनच्या तलावाखाली ती जागा गेली. शहापूर तालुक्याला हे दुःख परके नाही. 1892 साली तानसा तलाव झाला, पुढे भातसा धरण आले. मुंबईची तहान भागली, पण आपल्याकडची घरे आणि शिवारे पाण्याखाली गेली. गाव बुडाल्यावर देऊळ उरत नाही, पार उरत नाही. उरते ते माणसांच्या तोंडातले नाव. थॅक्रे गाव नकाशावर नाही, पण त्याचे नाव लावणारी माणसे आजही आहेत.

म्हणून दोन कामे करण्याजोगी आहेत. पहिले काम घरच्यांचे. आजा-आजी आहेत तोवर विचारून घ्या : आपण मूळचे कुठले? आधीचे आडनाव काय होते? ते का बदलले? ऐकलेले वहीत उतरवा, आणि कोणी सांगितले तेही लिहा. दुसरे काम गुरुजींचे. शाळेच्या रजिस्टरात नवे नाव चढवताना घाई करू नका. पालकांना नाव मोठ्याने वाचून दाखवा; मराठीतले अक्षर आणि इंग्रजीतले स्पेलिंग दोन्ही विचारा. दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे आणि सातबाऱ्यावर तिसरेच असले, तर पुढे तेच पोर कचेरीचे उंबरे झिजवते. शिवाय गाव सोडून आलेल्या घराला जुन्या गावाची तेवढीच एक खूण उरलेली असते; ती आपल्या लेखणीने चुकू नये.