बुद्धिबळाच्या पटाशेजारचे घड्याळ

बुद्धिबळात दोन सैन्ये झुंजतात, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु अजिंक्यपदाच्या सामन्यात काळ हा तिसरा प्रतिस्पर्धीही असतो. बुलढाण्याकडील सुलतानपुरासारख्या गावी पारावर मांडलेला डाव दिवेलागणीपर्यंत रेंगाळला, तरी कोणाचे बिघडत नाही. सामन्याची गोष्ट निराळी.

१८५१ साली लंडन येथे पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा विचारास कालमर्यादाच नव्हती. बुद्धीपेक्षा बैठकीच्या चिवटपणालाच यश मिळावे, असा प्रकार होऊ लागला. यावर उपाय म्हणून १८६१ साली आंडरसन व कोलिश यांच्या सामन्यात वालुकायंत्रे आली. दोन तासांत २४ खेळ्या करण्याचे बंधन पडले. १८८३ च्या लंडन स्पर्धेत जोडघड्याळ अवतरले. त्यातील एक थांबले की दुसरे चालू लागे.

१९२७ साली कापाब्लांका व आलेखिन यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात अडीच तासांत ४० खेळ्या, असा नियम होता. डाव अपुरा राहिल्यास पुढील खेळी लिफाफ्यात बंद करून तो तहकूब करीत. संगणकाच्या साहाय्याने रात्रीतच उत्तर शोधणे शक्य झाले, तेव्हा ही प्रथा मागे पडली. डाव एकाच बैठकीत संपविणे प्राप्त झाले; पण मग जिंकत आलेला डाव निव्वळ घड्याळापायी गमावण्याची धास्ती वाढली. बॉबी फिशर यांच्या घड्याळाने हा पेच सोडविला. त्यात प्रत्येक खेळीगणिक काही सेकंदांची भर पडते. १९९२ साली स्पास्की यांच्याशी झालेल्या सामन्यात ते वापरले गेले.

या बदलांचे मर्म २०२५ च्या जुलैत बाटुमी येथे दिसून आले. महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख व कोनेरू हंपी यांचे दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले. निर्णय जलद डावांवर गेला. प्रत्येकीस १५ मिनिटे आणि दर खेळीस १० सेकंद. हंपी या जलद बुद्धिबळाच्या दोनदा जगज्जेत्या. तरीही दुसऱ्या डावात वेळ सरत आली असता त्यांच्या हातून चुका घडल्या आणि दिव्या विजयी झाली.

असा निर्णय न्याय्य की अन्याय्य, हा वाद जुनाच आहे. घाईतील खेळ खोल विचाराची कसोटी नव्हे, हे खरे. पण अपुऱ्या वेळात योग्य निर्णय घेणे हीदेखील बुद्धीचीच परीक्षा होय.