‘येट’ म्हणजे नुसतं ‘अजून’ नव्हे

चांदवडला मी बरीच वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. मध्यंतरी एक जुना विद्यार्थी पत्र घेऊन घरी आला. शिष्यवृत्तीसाठी त्याने अर्ज केला होता. पत्रात एक ओळ होती : ‘युवर सर्टिफिकेट्स आर येट टु बी रिसीव्ह्ड.’ दाखले मिळाले, पुढचं काम अजून व्हायचंय, असा त्याने अर्थ लावला. वाक्यात ‘नॉट’ कुठेच नाही आणि ‘रिसीव्ह्ड’ तर स्पष्ट दिसतंय! तो निश्चिंत राहिला. प्रत्यक्षात दाखले पोचलेच नव्हते. माझ्याकडे आला तेव्हा मुदत टळून चार दिवस झाले होते.

“सर, येट म्हणजे अजून, असंच लिहून घेतलं होतं ना आम्ही?” त्याने विचारलं. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण मला ते लागलं. कारण लिहून दिलं होतं ते मीच.

एका शब्दाला एक शब्द ही आपली जुनी खोड. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर घराघरांतल्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. भाषांतराची ती वाट वाईट नव्हती, पण आम्ही शिक्षकांनी तिची पायवाट केली आणि फळ्यावर शब्दार्थांच्या जोड्या लावून मोकळे झालो. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी जोड्या लावणं काही सुटलं नाही.

आता आपलं ‘अजून’च बघा. अहिल्याबाई होळकरांच्या काळातला रंगमहाल चांदवडला अजून उभा आहे. इथे इंग्रजीत ‘स्टिल’ हवं, ‘येट’ चालणार नाही. ‘अजून एक भाकरी वाढ’ म्हटलं, की तेच ‘अजून’ ‘मोअर’ होतं. आणि स्टँडवर मनमाडची गाडी अजून आली नाही, म्हणजे ‘द बस हॅजन्ट कम येट’. यात नुसती वाट पाहणं आहे. तासभर ताटकळल्यावर आपण म्हणतो, ‘अजूनही आली नाही!’ त्या वैतागाला इंग्रजीत ‘द बस स्टिल हॅजन्ट कम’ म्हणतात. आपण एका ‘ही’ने जे साधतो, त्यासाठी इंग्रज शब्दच बदलतो.

प्रश्नात गंमत आणखी वाढते. ‘हॅज द बस कम येट?’ याला मराठीत ‘बस आली का?’ एवढंच पुरतं. ‘येट’ला वेगळा शब्द लागतच नाही. उलट ‘अजून बस आली का?’ विचारलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल, आणखी एखादी आली का. अपेक्षेआधीच गाडी दिसली तर आपण म्हणतो, ‘आली पण?’ ते झालं ‘ऑलरेडी’. हा ‘पण’ कुठल्याही शब्दार्थांच्या यादीत मी मुलांना दिला नव्हता. (जेवलास का, हे इंग्लंडात ‘हॅव यू ईटन येट?’ असं विचारतील, तर अमेरिकेत ‘डिड यू ईट येट?’ही सर्रास चालतं. परीक्षेत मात्र पहिलंच लिहावं.)

दोन वाक्यांच्या मध्ये आलेला ‘येट’ तर काळाचा राहतच नाही, तो ‘तरीही’ होतो. कांदा भरपूर पिकला, तरीही हातात काही उरलं नाही. हा ‘येट’ आमच्या तालुक्यात समजावून सांगावा लागत नाही.

राहिला तो ‘येट टु’. मी त्या मुलाला विचारलं, “मामा आले का, असं कुणी विचारलं आणि आई म्हणाली, ‘अजून यायचेत’, तर मामा आले की नाही?”

“नाही आले.”

“मग आईच्या वाक्यात ‘नाही’ कुठे आहे?”

तो क्षणभर गप्प झाला, मग पत्राकडे बघून म्हणाला, “दाखले अजून मिळायचेत. असं लिहिलंय होय!” ‘येट टु बी रिसीव्ह्ड’चं याहून नेमकं मराठी मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

मग आम्ही दोघांनी बसून मुदत वाढवून मिळावी म्हणून अर्ज लिहिला, सोबत दाखल्यांच्या प्रती पुन्हा जोडल्या. उत्तर अजून यायचंय.