गोदाम घेण्यापूर्वी भरती पाहा

जासईकडे गोदाम शोधणारे आमचे कापडवाले भाऊ भाडे विचारतात, जोत्याची उंची विचारत नाहीत. ही खाडीकाठची खारजमीन. बांधाच्या उघाडीतून पाणी ओहोटीलाच बाहेर पडते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात जोराचा पाऊस लागला की आतच तुंबते. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, तेव्हापासून आसपास भरावही वाढले. २६ जुलै २००५ रोजी एकट्या सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे व्यापाऱ्याने विसरू नये.

पाणी शिरले नाही तरी दमट हवा पुरते. खळीच्या कापडाला बुरशी लवकर धरते. आम्ही तागे भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचतो आणि जास्तीचा माल मृगापूर्वीच कमी नफ्यात विकून टाकतो. डागी ताग्याला नंतर अर्धे दामही येत नाहीत.